पगारावरील जप्तीची मर्यादा

नोकरदाराच्या घरात महिन्याची पहिली तारीख ही केवळ दिनदर्शिकेतील तारीख नसते. वाण्याची उधारी, मुलांची फी, वृद्ध आईवडिलांची औषधे, घरभाडे आणि विजेचे बिल ही सारी त्या एका तारखेकडे डोळे लावून बसलेली असतात. त्या दिवशी हाती आलेला पगार तिसऱ्या हिश्श्याने, क्वचित निम्म्याने कमी निघावा आणि कारण विचारता कचेरीतील कारकुनाने ‘कोर्टाचा हुकूम आहे’ एवढेच तुटक उत्तर द्यावे, हा अनुभव आपल्या समाजात काही नवलाईचा राहिलेला नाही. नवल वाटते ते पुढच्या गोष्टीचे. ‘कोर्टाचा हुकूम’ हे शब्द कानी पडताच भलाभला सुशिक्षित माणूस मान खाली घालून निघून जातो. हुकूम काय आहे, किती रकमेचा आहे, कोठवर चालणार आहे, हे विचारण्याचे धैर्य त्यास होत नाही. कर्ज थकले ही लाजेची बाब, आणि लाजेच्या बाबीची चर्चा चारचौघांत करावयाची नसते, असा आपल्या मध्यमवर्गाचा संस्कार आहे. या मौनाची किंमत त्याच्या घरची चूल मोजीत असते.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. घेतलेले कर्ज फेडले पाहिजे याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. ज्या पतसंस्थेचे कर्ज बुडते, त्या पतसंस्थेत कोणा निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी ठेवलेली असते; ज्या बँकेचे हप्ते थकतात, तिच्याजवळचा पैसाही अखेर सामान्य ठेवीदारांचाच असतो. तेव्हा कर्जबुडव्यांस पळवाटा दाखविणे हा या लेखाचा हेतू नव्हे. परंतु धनकोचा हक्क जितका खरा, तितकाच ऋणकोच्या मुलाबाळांचा दोन घासांचा हक्कही खरा आहे. या दोन हक्कांच्या मध्ये कायद्याने एक स्पष्ट रेघ ओढून ठेवलेली आहे. ती रेघ कोठे आहे हे धनकोस बहुधा ठाऊक असते. ऋणकोस मात्र नसते. हा तोल सावरणे अगत्याचे आहे.

ही रेघ ओढण्याची कल्पना परकीयांनी आपल्याला शिकविली असेही नाही. धनकोने ऋणकोच्या दारी धरणे धरून बसावे अशी रीत एके काळी येथे होती. परंतु व्याज मुद्दलापेक्षा अधिक घेता येऊ नये असे सांगणारा दामदुपटीचा नियमही येथल्याच धर्मशास्त्राने घालून दिला होता. घाटापलीकडे १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि पुणे व नगर या जिल्ह्यांत तो पसरला, तेव्हा त्यांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता. तो त्याच्या दप्तरातील खतपत्रांवर होता. कागदावर काय लिहिले आहे हे कुळास वाचता येत नव्हते आणि त्याच्यावरील दावे त्याच्या गैरहजेरीत एकतर्फी निकाली निघत होते. त्या उद्रेकानंतर १८७९ साली झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने खतामागचा खरा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायाधीशांस दिला आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्यास तुरुंगात टाकण्याची प्रथा बंद केली. आज कुळाच्या जागी पगारदार आला आहे आणि खतपत्राच्या जागी छापील करारनामा आला आहे. न वाचता सही करण्याची आणि नोटीस आली असता कोर्टात न जाण्याची सवय मात्र दीडशे वर्षांनंतरही तशीच आहे.

गोव्यात मुक्तीनंतरही काही काळ दिवाणी दावे पोर्तुगीज प्रक्रियेप्रमाणे चालत. १५ जून १९६६ पासून येथे १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता लागू झाली. या संहितेचे ६० वे कलम म्हणजे ऋणकोची खरी ढाल होय. धनकोने दावा लावून हुकूमनामा मिळविला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल केली, तर ऋणकोची कोणती मालमत्ता जप्त करता येते व कोणती येत नाही, याची यादी या कलमात दिली आहे. पगाराविषयीचा नियम असा : पोटगीखेरीज अन्य कोणत्याही हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत पगारातील पहिले १००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. पगार म्हणजे नोकरीतून मिळणारे एकूण मासिक वेतन. सरकारी किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नोकरांचे जे भत्ते सरकारने अधिसूचनेने जप्तीमुक्त केले असतील ते त्यातून वगळावयाचे.

हिशेब सोपा आहे. एखाद्याचा पगार ३१,००० रुपये आहे असे धरू. त्यातील पहिले १००० रुपये बाजूला काढले की ३०,००० उरतात. त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे २०,००० रुपये पुन्हा सुरक्षित. अशा रीतीने २१,००० रुपये त्या माणसाच्या घरी गेलेच पाहिजेत आणि जप्ती होऊ शकते ती जास्तीत जास्त १०,००० रुपयांची. यापेक्षा एक रुपयाही अधिक कापला गेला, तर ती कपात कोर्टाच्या नावाने झालेली असली तरी कायद्यास धरून झालेली नाही. पोटगीच्या हुकूमनाम्याचा नियम वेगळा आणि अधिक कडक आहे. तेथे केवळ एक तृतीयांश पगार सुरक्षित राहतो. कारण पोटगी मागणारी पत्नी व मुले ही त्या पगारावरच अवलंबून असतात.

दुसरी मर्यादा काळाची आहे आणि ती तर बहुतेकांच्या गावीही नसते. एकाच हुकूमनाम्यापोटी पगाराची जप्ती सलग म्हणा वा खंडाखंडाने म्हणा, एकूण २४ महिने चालली, की त्या हुकूमनाम्यासाठी तो पगार कायमचा जप्तीमुक्त होतो. जप्ती निरनिराळ्या हुकूमनाम्यांखाली झाली असेल, तर २४ महिन्यांनंतर पुढील १२ महिने पगारास मोकळा श्वास मिळतो. वरच्या उदाहरणातील नोकरदाराच्या पगारातून एका हुकूमनाम्याखाली जास्तीत जास्त २,४०,००० रुपये वसूल होऊ शकतात, त्यापुढे नाही. याचा अर्थ उरलेले कर्ज माफ झाले असा मात्र कोणी करू नये. हुकूमनाम्याची अंमलबजावणी सामान्यतः १२ वर्षांपर्यंत मागता येते आणि धनको अन्य मालमत्तेवर जप्ती आणू शकतो. फक्त पगाराचा दरवाजा त्यास बंद होतो. परंतु हा दरवाजा आपोआप बंद होत नसतो. पंचविसाव्या महिन्यात कपात थांबविण्याची आठवण कोणीतरी करून द्यावी लागते, आणि ती ऋणकोने केली नाही तर दुसरे कोण करणार?

तिसरी गोष्ट अनेक धनकोंची. तीन ठिकाणची देणी थकली म्हणून तिघांनी प्रत्येकी एकेक तृतीयांश पगार न्यावा, असे कायदा कदापि म्हणत नाही. जप्तीयोग्य हिस्सा एकच आहे. तो आधीच्या हुकुमाखाली वळता होत असेल, तर नंतर आलेला हुकूम पगार वाटणाऱ्या अधिकाऱ्याने पहिल्या जप्तीचा संपूर्ण तपशील लिहून कोर्टाकडे परत पाठवावयाचा असतो. सरकारी नोकरांसाठी आदेश २१ मधील नियम ४८ आणि खासगी नोकरांसाठी नियम ४८-अ यांत ही तरतूद आहे. लेखापाल अनभिज्ञ असला किंवा कोर्टाच्या कागदास भ्याला, की दोन्ही हुकूम एकदम अमलात येतात आणि पगाराचे दोन हिस्से उडून जातात. तेथे दोष कायद्याचा नसून टेबलाचा असतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कर्ज देताना काही संस्था ‘माझ्या पगारावर कोणतीही मर्यादा न ठेवता जप्ती आणण्यास माझी संमती आहे’ अशा आशयाचे कलम छापील अर्जात बारीक अक्षरांत घालतात. ऋणको सही करतो आणि पुढे त्याच सहीचा धाक त्यास दाखविला जातो. १९७६ च्या दुरुस्तीने ६० व्या कलमात घातलेले १-अ हे पोटकलम सांगते की, या कलमाने दिलेले संरक्षण सोडून देण्याचा कोणताही करार निरर्थक होय. अन्य कोणत्याही कायद्यात काहीही म्हटलेले असले, तरी ही तरतूद श्रेष्ठ आहे. भुकेल्या माणसाकडून त्याची ढाल लिहून घेता येणार नाही, असा या तरतुदीचा सरळ अर्थ आहे.

याखेरीज काही रकमा संपूर्णपणे जप्तीमुक्त आहेत. अंगमेहनत करणाऱ्या मजुराची व घरगड्याची मजुरी त्यांत येते; तिच्यावर तृतीयांशाचाही नियम लागत नाही. भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन, उपदान आणि निलंबनकाळातील निर्वाहभत्ता यांनाही संरक्षण आहे. निवृत्तिवेतनाची व उपदानाची रक्कम हाती आल्यावर मुदत ठेवीत ठेवली म्हणून तिचे मूळ स्वरूप बदलत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणी दिला आहे. निवृत्तांनी तो लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता प्रश्न उरतो तो उपायांचा. येथे पहिली पायरी म्हणजे आपल्या पगारातील कपात कोणत्या जातीची आहे हे ओळखणे. वरवर एकसारख्या दिसणाऱ्या तीन कपाती मुळात भिन्न आहेत आणि त्यांच्या तक्रारीची दारेही भिन्न आहेत. पहिली कोर्टाच्या जप्तीची. दुसरी सहकारी संस्थेच्या हप्त्याची. ती सभासदाने मालकास लिहून दिलेल्या संमतीवरून होते. महाराष्ट्रात १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचे ४९ वे कलम अशा कराराविषयीच आहे. गोव्यातील संस्थांचा कारभार २००१ च्या गोवा सहकारी संस्था कायद्याखाली चालतो. तिसरी कपात वस्तुतः पगारातील नसतेच. पगार बँकेत जमा झाल्यावर खातेदाराने आधी दिलेल्या सूचनेनुसार बँक कर्जाचा हप्ता वळता करून घेते. पगारपत्रक आणि बँकेचे खातेपुस्तक शेजारी ठेवून पाहिल्यावाचून या तिन्हींतील फरक उमगत नाही. कोर्टाच्या दारी जाऊन पतसंस्थेच्या कपातीचे गाऱ्हाणे सांगण्यात वेळ आणि पैसा दोन्ही व्यर्थ जातात.

कपात कोर्टाच्या जप्तीची असेल, तर नवा दावा लावण्याची गरज नाही; किंबहुना तो लावताच येत नाही. संहितेच्या ४७ व्या कलमाप्रमाणे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीविषयीचे पक्षकारांमधील सारे वाद ज्या कोर्टात दरखास्त चालू आहे तेथेच सोडवावयाचे असतात. तेथे साधा लेखी अर्ज द्यावा. सोबत जप्तीच्या हुकुमाची नक्कल, मागील महिन्यांची पगारपत्रके, आजवर किती महिने किती रक्कम कापली गेली याचा तक्ता आणि ६० व्या कलमाप्रमाणे योग्य हिश्श्याचा हिशेब जोडावा. कपात मर्यादेत आणावी, २४ महिने भरले असल्यास जप्ती उठवावी आणि जादा कापलेली रक्कम परत मिळावी, अशी मागणी त्यात असावी. जादा रक्कम कोर्टात जमा असतानाच अर्ज केलेला बरा. ती एकदा धनकोच्या हाती गेली की परत मिळविण्याचा मार्ग लांबतो. या अर्जावरील निर्णय प्रतिकूल झाला, तर उच्च न्यायालयाकडे, गोवेकरांच्या बाबतीत पर्वरी येथील खंडपीठाकडे, पुनरीक्षणासाठी जाता येते. हुकूम योग्य असून केवळ लेखापालाचा हिशेब चुकला असेल, तर प्रथम त्यासच लेखी पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी विनंतीला कचेरीत स्मृती नसते.

हुकूमनामाच आपल्या पाठीमागे झाला असेल, समन्स कधी हाती पडलेच नसेल, तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी आदेश ९ नियम १३ खाली अर्ज करता येतो. त्याची मुदत ३० दिवसांची आहे; समन्स रीतसर बजावले गेले नसल्यास ती हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. पगारकपातीचा पहिला कागद हाती आला तो दिवस या दृष्टीने फार मोलाचा असतो. हुकूमनाम्यास दोन वर्षे उलटून गेल्यावर दरखास्त दाखल झाली असेल, तर अंमलबजावणीपूर्वी ऋणकोस नोटीस निघणे सामान्यतः आवश्यक आहे. ती निघाली होती काय, हेही तपासून पाहावे. दावा चालू असतानाच कर्ज मान्य असेल, तर लपून बसण्यापेक्षा कोर्टात उभे राहून हप्ते मागणे शहाणपणाचे. हुकूमनामा देताना कोर्टास सबळ कारणावरून हप्ते बांधून देता येतात. हुकूमनाम्यानंतर मात्र त्यास धनकोची संमती लागते आणि अर्ज ३० दिवसांत करावा लागतो.

आणखी एक सावधगिरी. कोर्टाबाहेर धनकोस काही रक्कम परस्पर दिली असेल, तर तिची नोंद कोर्टात झालीच पाहिजे. नोंद न झालेला भरणा अंमलबजावणीच्या वेळी कोर्ट विचारात घेत नाही. ऋणकोने नोंदीचा अर्ज करण्याची मुदतही ३० दिवसांचीच आहे. ‘साहेबांनी पावती नंतर देतो म्हटले’ या वाक्यावर विसंबून तीच रक्कम पुन्हा पगारातून कापून देण्याची पाळी येऊ नये.

मोठ्या रकमेच्या बँककर्जाची प्रकरणे, म्हणजे २० लाख रुपये व त्यावरील, कर्जवसुली न्यायाधिकरणापुढे चालतात. तेथील वसुली अधिकारीही मालकास रक्कम वळती करण्यास फर्मावू शकतो. परंतु १९९३ च्या त्या कायद्यानेही ६० व्या कलमाने वगळलेली रक्कम त्यास वर्ज्य ठरविली आहे. त्याच्या हुकुमाविरुद्ध ३० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

दुसऱ्या जातीच्या, म्हणजे मालकाने परस्पर केलेल्या कपातींसाठी कामगार कायद्याचे दार आहे. १९३६ च्या वेतनप्रदान कायद्याने सहकारी संस्थांची देणी असल्यास वेतनाच्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि एरवी ५० टक्क्यांपर्यंत कपातीची मुभा दिली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेने तो कायदा मागे पडला. नव्या संहितेच्या १८ व्या कलमात सहकारी संस्थेच्या हप्त्यांना वेगळी सवलत ठेवलेली नाही. सर्व कपातींची बेरीज वेतनाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नये, असा सरसकट नियम आहे. बेकायदा कपातीविरुद्ध तीन वर्षांच्या आत संहितेखालील प्राधिकाऱ्याकडे दावा करता येतो. कपात योग्य होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते आणि प्राधिकारी दाव्याच्या रकमेच्या दसपटीपर्यंत भरपाई देववू शकतो. सरकारी आस्थापनांना मात्र या तरतुदी आपोआप लागू होत नाहीत. त्यासाठी अधिसूचना निघावी लागते. संस्थेच्या हिशेबाविषयीच तक्रार असेल, तर ती सहकार निबंधकाच्या कचेरीत नेली पाहिजे.

तिसऱ्या जातीच्या कपातीत बँकेस दिलेली सूचना लेखी अर्जाने मागे घेता येते. पण तसे करण्यापूर्वी हप्त्यांची फेरआखणी बँकेकडे मागावी. खात्यात पैसे नसल्यामुळे इलेक्ट्रॉनिक हप्ता परतला, तर २००७ च्या कायद्याखाली तो फौजदारी अपराधही ठरू शकतो, हे विसरून चालणार नाही. बँकेने तक्रारीस ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

या साऱ्यांहून केविलवाणी स्थिती जामीनदाराची असते. आपल्याकडे जामीन राहणे ही शेजारधर्माची गोष्ट मानली जाते. सहकाऱ्याने विनंती केली, मेव्हण्याने गळ घातली, की नाही म्हणवत नाही. गोव्यातील खाणी २०१२ साली थांबल्या आणि २०१८ साली पुन्हा थांबल्या, तेव्हा ट्रक दारातच उभे राहिले. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. अशा कर्जांच्या कागदांवर ज्यांची दुसरी सही असते, त्यांना त्या सहीचे वजन तेव्हा कळते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. धनकोने आधी ऋणकोची मालमत्ता शोधावी आणि मग जामीनदाराकडे यावे, अशी सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६८ सालीच स्पष्ट केले आहे. पगारदार माणसाचा ठावठिकाणा निश्चित असतो, म्हणून धनको प्रथम त्याच्याच दारी येतो. तथापि जामीनदारासही ६० व्या कलमाची ढाल तितकीच लाभते. भरलेली रक्कम मूळ ऋणकोकडून वसूल करण्याचा आणि सहजामीनदारांकडून त्यांचा सारखा वाटा मागण्याचा हक्कही त्यास आहे. यासाठी त्याने कापल्या गेलेल्या प्रत्येक रुपयाचा पुरावा जपून ठेवावा.

वसुलीसाठी येणारी माणसे तुरुंगाचीही भीती घालतात. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करताच येत नाही. पुरुषाच्या बाबतीतही केवळ दारिद्र्यामुळे देणे थकले म्हणून तुरुंग दाखविता येणार नाही, त्यामागे लबाडी असली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणी दिला. वकील लावण्याची ऐपत नसेल, तर १९८७ च्या कायद्याखाली तालुका व जिल्हा विधिसेवा समित्या विनामूल्य वकील देतात. स्त्रिया, अनुसूचित जातिजमाती आणि औद्योगिक कामगार यांना त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. लोकन्यायालयात तडजोडही होऊ शकते. परंतु तेथील निवाड्यावर अपील नसते, म्हणून झेपेल तेवढ्याच हप्त्यावर सही करावी.

येथवर कायद्याच्या बाजूने लिहिले. आता कायद्याविरुद्ध लिहिणे प्राप्त आहे. १९७६ साली पूर्णतः सुरक्षित अशी रक्कम ४०० रुपये ठरली. १९९९ च्या दुरुस्तीने, १ जुलै २००२ पासून, ती १००० रुपये झाली. त्यानंतर तिला कोणी हात लावलेला नाही. १९७६ साली ४०० रुपयांत कनिष्ठ नोकरदाराचा सारा पगार सामावत असे आणि तो जप्तीतून संपूर्ण सुटत असे. आज कायदेशीर वेतन घेणारा कोणता पूर्णवेळ नोकर १००० रुपयांत बसतो? गणित मांडून पाहिले म्हणजे या तरतुदीची आजची किंमत कळते. पहिले १००० रुपये वगळल्याने जप्तीयोग्य रक्कम केवळ ३३३ रुपयांनी घटते. दरमहा १२,००० रुपये मिळविणाऱ्या माणसाच्या पगारातून ३,६६६ रुपये जप्त होऊ शकतात आणि उरलेल्या ८,३३४ रुपयांत त्याने संसार करावयाचा. एक लाख मिळविणाऱ्याच्या दोन तृतीयांशात आणि याच्या दोन तृतीयांशात नावापुरतेच साम्य आहे. विधिमंडळाने जे ‘पहिले’ रुपये म्हणून अढळ राखले, त्यांमागचा हेतू किमान निर्वाहाचा होता. तो आज उरलेला नाही.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली संसदेस : ही रक्कम किमान वेतनाशी जोडावी, म्हणजे दर पाव शतकाने दुरुस्तीची वाट पाहावी लागणार नाही. दुसरी न्यायव्यवस्थेस : जप्तीच्या प्रत्येक हुकुमावर सुरक्षित रक्कम किती, जप्तीयोग्य रक्कम किती आणि २४ वा महिना कोणता, हे मराठीत व कोंकणीत ठळक लिहावे आणि त्याची नक्कल ऋणकोस मिळावी. तिसरी मालकांस आणि सरकारी खात्यांस : पगारपत्रकात ‘इतर कपाती’ या एका पोतडीत सारे कोंबू नये, कोणाच्या हुकुमाने किती रक्कम कापली, हे वेगळ्या रकान्यात दाखवावे. यांतील शेवटच्या दोन सूचनांना नवा कायदाही लागत नाही, केवळ थोडी आस्था लागते.

या सूचना अमलात येवोत वा न येवोत, आज ज्याचा पगार कापला जात आहे त्याने तोवर थांबण्याचे कारण नाही. त्याने हुकुमाची नक्कल मागावी, हिशेब करावा आणि अर्ज लिहावा. देणे मान्य करणे आणि जादा कपातीस विरोध करणे, यांत विसंगती नाही. कर्जदार असणे हा गुन्हा नव्हे. आणि आपल्या घरच्या चुलीसाठी कायद्याने राखून ठेवलेला वाटा मागणे ही लाजेची बाब तर मुळीच नव्हे.